१४ वर्षांची सात आसनी गाडी : कूलंट कमी होतंय, काटा वर चढतोय, पण गाडी ठेवायची आहे

घरचीगाडी
नमस्कार. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

घरात १४ वर्षं जुनी सात आसनी गाडी आहे. डिझेल, हाताचे गियर, मधल्या रांगेची दोन्ही दारं सरकती, मागे बसणाऱ्यांसाठी वेगळा एसी आणि हीटर. २ लाख १२ हजार किमी झालेत. बाबांनी नवी घेतली होती, गेली ४ वर्षं मी चालवतोय. तक्रार अशी की सगळी माणसं बसलेली असली, एसी चालू असला आणि लांब चढ लागला, की तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून वर सरकायला लागतो. सपाटीला आलो की आपोआप खाली येतो. शिवाय कूलंटची टाकी तीन आठवड्यांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येते. गाडी उभी असते तिथे जमिनीवर थेंब मात्र दिसत नाही.

एका गॅरेजमध्ये बोनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनाचा ठोकळा आणि वरचं डोकं यांच्या मधलं सील) गेलंय, इंजिन खोलायला लागेल. दुसरीकडे म्हणाले, एवढ्या जुन्या गाडीत जीव कशाला अडकवता, काढून टाका.

आजीचे गुडघे दुखतात. या गाडीचा तळ खाली आहे आणि दार पूर्ण सरकतं, त्यामुळे ती कुणाचा हात न धरता आत बसते. उंच गाड्यांमध्ये तिला बसवून पाहिलं, नाही जमत. म्हणून गाडी ठेवायचीच आहे. सुरुवात कुठून करू?

तेलकटहात
२२ वर्षं हेच काम करतोय. इंजिन खोलू देऊ नका. आत्ता तरी नाही.

हेड गॅस्केट गेलंय की नाही हे बघून सांगता येत नाही, तपासून सांगावं लागतं. तपासणी साधी आहे. पहिली दाबाची. इंजिन पूर्ण गार असताना टाकीच्या टोपीच्या जागी हातपंप बसवतात आणि टोपीवर जेवढा दाब छापलेला असतो तेवढाच भरतात. ०.९, १.१, १.४ बार, गाडीप्रमाणे वेगळा असतो. मग अर्धा तास काट्याकडे बघत बसायचं. दाब उतरला तर कुठूनतरी जातंय, आणि कुठून जातंय ते खाली वाकून शोधायचं. दुसरी तपासणी टाकीतल्या हवेची. निळ्या द्रवातून ती हवा ओढतात, त्यात जळलेला वायू असेल तर द्रवाचा रंग बदलतो. दोन्ही करून घ्या आणि निकाल इथे लिहा.

तोवर घरच्या घरी बघायच्या गोष्टी. सकाळी गार गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरात रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक होतो का? टाकीत सतत बुडबुडे येतात का? इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का? ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा थर आहे का? या शेवटच्या खुणेवर एकट्यावर विसंबू नका. रोज दोन-तीन किमीच चालणाऱ्या गाडीत नुसत्या वाफेनेही असा थर धरतो.

आणि गरम असताना टाकीची टोपी उघडायची नाही. निम्मं पाणी निम्मं कूलंट हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. टोपीने १ बार दाब धरला की तेच १२५ च्या पुढे जातं. आत ११५ अंशांचं द्रव शांत असतं ते त्या दाबामुळे. टोपी फिरवलीत की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाचा हात मी असा भाजलेला पाहिलाय.

एक प्रश्न. मागच्या हीटरला जाणारे पाइप कधी कुणी बघितलेत का?

चढउतार
तेलकटहात यांच्या म्हणण्याला पुष्टी. सर्वांत आधी टोपी बदला. तिच्यातलं रबर वाळतं, स्प्रिंग सैल होते, मग दाब धरत नाही आणि चढावर कूलंट उकळून बाहेर फेकलं जातं. आमच्या गाडीत तेवढंच निघालं होतं. टोपीवरचा दाबाचा आकडा मात्र तोच हवा. जास्त दाबाची टोपी म्हणजे जास्त चांगली असं नाही, जुने होज फुटतील.

मध्यमवेग
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. १४ वर्षं आणि सव्वादोन लाखाच्या आसपास म्हणजे आता एकामागून एक कामं निघणार. आज कूलंट, उद्या क्लच, परवा इंजेक्टर. आम्ही असंच करत करत तीन वर्षं काढली आणि शेवटी गाडी विकलीच. माणसाची दगदग कुणी मोजत नाही.

वहीवाली
मध्यमवेग, दगदग होते हे खरंय, नाकारत नाही. पण ती बहुतेक वेळा गाडी जुनी म्हणून होत नाही, काय झालंय आणि काय व्हायचंय हे ठाऊक नसल्यामुळे होते. मी आमच्या १७ वर्षांच्या गाडीची वही ठेवलीय. तारीख, किमी, काय बदललं, कुठल्या बनावटीचं, कुणी बसवलं. वही सुरू केल्यापासून रस्त्यात एकदाही अडकलो नाही, कारण काय कधी संपणार हे आधी दिसतं.

घरचीगाडी, तुमच्या गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदललाय? तुम्ही त्याचा उल्लेखच केला नाही, म्हणून विचारते.

घरचीगाडी
वहीवाली ताई, खरं सांगायचं तर माहीत नाही. बाबांनी एकदा बदलला असावा असं आईला वाटतं. बिलं सापडत नाहीत.

मागच्या हीटरचे पाइप कुणीच बघितलेले नाहीत. ते असतात हेच मला आत्ता कळलं.

तेलकटहात
मग ऐका. सात आसनी गाडीचा हा खास आजार आहे, साध्या गाडीत तो नसतो. मागे हीटर द्यायचा तर गरम कूलंट मागपर्यंत न्यावं लागतं आणि परत आणावं लागतं. म्हणजे गाडीच्या पोटाखालून दोन लांब पाइप. मागचा एसी असेल तर त्याचे आणखी दोन. हे पाइप जागोजागी क्लॅम्पमध्ये धरलेले असतात आणि क्लॅम्पखाली रबराची गादी असते. त्या गादीत ओला चिखल अडकतो आणि वाळतच नाही. लोखंडी पाइप असेल तर तिथेच आतल्या आत गंजतो, अॅल्युमिनियमचा असेल तर पांढरी भुकटी धरून पोखरतो. खालून पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं कवच असतं, त्यामुळे थेंब जमिनीवर पडत नाही, कवचावर पडतो. आणि गळतं ते दाब आल्यावर, म्हणजे गाडी चालत असताना. उभ्या गाडीखाली तुम्ही कितीही बघा, जमीन कोरडीच दिसणार.

बेल्टबद्दल वहीवाली ताई म्हणतात ते फार महत्त्वाचं आहे, कूलंटइतकंच. नोंद नसेल तर बदलला नाही असंच धरायचं. बेल्ट किमीवर झिजतो तसा वयानेही म्हातारा होतो. रबर कडक पडतं, दातांच्या मुळाशी बारीक भेगा पडतात. गाडीच्या पुस्तकात किमी आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल ते. तुटला तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) जागीच थांबतो, व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो. डिझेलमध्ये तर जागा इतकी कमी की वाचण्याची आशा धरू नका. बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), आयडलर पुली आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही एकदमच बदला. पंप सहा महिन्यांनी गळला तर सगळं काम पुन्हा उघडावं लागतं.

लांबचापल्ला
बेल्ट की चेन हे आधी बघा. चेन असेल तर वर्षांची अट नसते, पण गार गाडी सुरू करताना पहिले काही सेकंद खुळखुळ आवाज येत असेल तर दुर्लक्ष करू नका. चेन ताणली जाण्यात जुन्या, काळ्या ऑइलचा वाटा फार मोठा असतो.

घरचीगाडी
बेल्टच आहे, पुस्तकात पाहिलं.

काल दाबाची तपासणी करून आणली. टोपीवर १.१ छापलंय. तेवढा दाब भरला, २० मिनिटांत ०.७ वर आला. निळ्या द्रवाचा रंग बदलला नाही, निळाच राहिला. होज कडक होत नाही, बुडबुडे नाहीत.

मग मेकॅनिकला विनंती केली की खालचं कवच काढू या. गाडी लिफ्टवर होती, मीही खाली उभा होतो. चार बोल्ट निघाले, पाचवा तुटला. कवच खाली आलं तर त्यात वाळलेला चिखल, पाचोळा आणि मधोमध गुलाबी पापुद्रा, वाळलेल्या कूलंटचा. त्याच्या बरोबर वर पाहिलं तर मधल्या रांगेच्या खाली, क्लॅम्पजवळ पाइप फुगलेला. मी बोट लावलं तर गंजाची खपली बोटाला चिकटून आली आणि तिच्या मागोमाग एक थेंब. तो थेंब लोंबकळत राहिला, मग पडला, मग दुसरा आला. पाच मिनिटं मी तेच बघत उभा होतो. या एका थेंबासाठी इंजिन खोलणार होते!

मेकॅनिक म्हणाला, गळती बंद करणारं द्रव्य मिळतं, टाकीत ओतू. थांबवलंय. विचारून सांगतो म्हटलं.

तेलकटहात
शाबास. ते द्रव्य ओतू नका. ते भोक ओळखत नाही, अरुंद जागा ओळखतं. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही ते बसतं. तुमची गाडी आधीच चढावर गरम होतेय, तिचा रेडिएटर आणखी चोंदवायचा नाहीये.

करण्यासारखं दोन प्रकारे आहे. अख्खा पाइप नवा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर गंजलेला तुकडा दोन्ही बाजूंनी चांगला धातू लागेपर्यंत कापायचा आणि मध्ये कूलंटसाठीचा ईपीडीएम रबराचा होज टाकायचा. पाइपच्या टोकांना कडा उठवून घ्या म्हणजे होज सरकणार नाही. डिझेलचा किंवा हवेचा होज टाकला तर काही महिन्यांत फुगून फाटतो. होज सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बांधा. दुसरा क्लॅम्पही उघडून बघा, एक गंजला म्हणजे शेजारचा फार मागे नसतो.

चढउतार
काहीजण मागचा हीटर बंद करून दोन्ही पाइप इंजिनाजवळच जोडून टाकतात. थंडी नसलेल्या भागात चालतं. पण तुमच्या मागे आजी बसतात, त्यामुळे मी तरी सुचवणार नाही.

काम झाल्यावर हवा काढणं हे मुख्य. या लांब पाइपांत हवा अडकते आणि मग तापमान वेड्यासारखं वरखाली होतं. पुढचा भाग उंच करा, पुढचा आणि मागचा दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करून भरा. मागच्या जाळीतून गरम हवा यायला लागली म्हणजे कूलंट तिथवर पोचलं. आणि आहे त्याच जातीचं कूलंट टाका, रंगावर जाऊ नका, बाटलीवरचं मानक बघा. दोन जाती एकत्र झाल्या की गंज रोखणारी रसायनं निकामी होतात, कधी कधी गाळही धरतो.

मध्यमवेग
वाचून बरं वाटलं. आमच्या गाडीचं कूलंट दोन वर्षं असंच कमी व्हायचं, आम्ही नुसतं पाणी भरत राहिलो. कुणी खाली बघितलंच नाही.

सरकतंदार
मध्येच विचारते, धागा मोठ्या गाड्यांचा आहे म्हणून. आमच्या गाडीचं एका बाजूचं सरकतं दार उघडताना अर्ध्यात अडतं आणि बंद करताना धाडकन ओढावं लागतं. मुलांना जमतच नाही. दाराचा आत्मा गेला का?

वहीवाली
नाही हो, बहुतेक खालचा रोलर. दाराचं सगळं वजन खालच्या आणि मधल्या रोलरवर असतं. आधी खालचा मार्ग साफ करा. जुना टूथब्रश घ्या आणि कोपऱ्यापर्यंत घासा. खडे, केसांच्या पिना, मुलांच्या खेळण्यांचे तुकडे, काय काय निघतं. पाणी वाहून जायची भोकंही त्यातच असतात, ती मोकळी करा. मग दार अर्धं उघडून दोन्ही हातांनी वर-खाली हलवा. खडखडलं तर रोलरचं बेअरिंग गेलं. तो एकटा बदलता येतो. साफ केलेल्या मार्गात भरमसाट ग्रीस भरू नका, तिला धूळ चिकटून पुन्हा तेच होतं. कोरडं वंगण फवारा.

दार विजेचं असेल तर दाराकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा तपासा. तो हजारो वेळा वाकून आतून तुटतो, वरून सालपट शाबूत दिसतं.

तेलकटहात
डिकीच्या दाराचंही तेच. मागचा वायपर, काचेवरचं धुकं घालवणारी तारांची जाळी, नंबरप्लेटचा दिवा यातलं काहीतरी बंद पडलं की लोक मोटर बदलतात. आधी बिजागरीजवळचा रबरी बूट सरकवून आतल्या वायरी बघा. दहातल्या सात वेळा मला तिथेच तुटलेली वायर सापडलीय. आणि डिकीचे गॅसचे दांडे मऊ पडले असतील तर लगेच बदला, दोन्ही एकदम. एवढ्या मोठ्या दाराचं वजन डोक्यावर आलं तर गंभीर इजा होते.

घरचीगाडी
अपडेट. पाइपचा तुकडा कापून होज टाकला, दोन्ही क्लॅम्प नवे. १० दिवस झाले, टाकी जागची हललेली नाही. आईने रोज सकाळी स्वतः जाऊन बघितलं.

पण काटा अजून थोडा चढतो. आधीसारखा नाही, तरी चढतो. शनिवारी सगळ्यांना घेऊन चढावर गेलो होतो, एसी बंद केल्यावर खाली आला.

चढउतार
एसी बंद केल्यावर खाली येतो म्हणजे हवा कमी पडतेय. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असतो. दोघांच्या मध्ये बोटभर फट असते आणि १४ वर्षांत तिच्यात काय साठलंय ते समोरून दिसत नाही. वरची पट्टी काढून टॉर्च मारा. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं आणि दाब हलका ठेवायचा. जोराचा फवारा मारला तर पातळ पापुद्रे वाकतात आणि हवा कायमची अडते.

लांबचापल्ला
पंखाही बघा. विजेचा असेल तर एसी लावताच फिरायला हवा, दोन वेग असतील तर दोन्ही तपासा. इंजिनावरचा व्हिस्कस पंखा (इंजिनच फिरवतं तो, मध्ये द्रव भरलेलं कपलिंग असतं) असेल तर त्याचं कपलिंग जुनं होतं. गरम इंजिन बंद करून (चालू असताना हात नको!) पंखा हाताने फिरवा. सहज गरगर फिरला तर ते गेलं.

काटा उलट नेहमीच खाली राहत असेल आणि हीटर कोमट असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय. त्यात इंजिन गरम होत नाही म्हणून लोक खूश असतात, पण डिझेल जास्त जळतं आणि इंजिनही झिजतं.

पायथा
माझ्याकडे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र आहे, त्यात पी०१२८ आला होता. इंटरनेटवर बघितलं आणि थर्मोस्टॅट मागवला. बरोबर ना?

तेलकटहात
बहुधा बरोबर, पण कोडवरून थेट पार्ट मागवायची सवय नको. पी०१२८ एवढंच सांगतो की कूलंट अपेक्षित वेळेत तापलं नाही. थर्मोस्टॅट असेल, सेन्सर असेल, किंवा नुसतं कूलंट कमी असेल. पी०४०१ आला की लोक ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) बदलतात, पण तो म्हणतो की ईजीआरचा प्रवाह अपुरा आहे. काजळीने चोंदलेली वाट साफ केली तरी भागतं. कोड म्हणजे कुठे दुखतंय ते, का दुखतंय ते नव्हे.

जुनेपान
इतका सुंदर धागा आहे म्हणून थोडं अवांतर. या गाड्यांची ठेवण समजून घेतली की आजार समजतात. १९५६ मध्ये फियाटने ६०० मल्टिप्ला काढली, लहान गाडीच्या सांगाड्यावर सहा माणसं बसवली. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरच्या मिनीव्हॅन आल्या, त्याही साध्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीच्या तळावर. १९८४ मध्ये रेनॉ एस्पास आली. तिचा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा आणि अंगावरचे पत्रे काचतंतूंचे, त्यामुळे बाहेरून गंज दिसायचा नाही. तात्पर्य असं की मुळात मोटारीच्या तळावर माणसं दुप्पट बसतात. मागच्या स्प्रिंगा, बेअरिंग, ब्रेक यांच्यावर जो भार येतो तो तुम्ही रोज एकटे चालवताना जाणवत नाही. सगळे बसले की जाणवतो.

वहीवाली
जुनेपान काका, छान माहिती. याला जोडून लिहिते.

भरलेल्या गाडीचे ब्रेक. उतारावर ब्रेक ऑइल तापतं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ जातीचं नवं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ती किमान मर्यादा १५५ वर येते. तेल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदला, रंग चांगला दिसत असला तरी. माझा दीर उतारावर या अनुभवातून गेलाय. सुदैवाने खालच्या गियरमध्ये होता.

टायर. बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार अंक. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसते म्हणून दहा वर्षांचे टायर चालवू नका. आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीवर हवेचे दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीसाठी आणि भरलेल्यासाठी. सात माणसं आणि सामान असेल तर दुसरा आकडा. सहलीला निघताना हे किती जण बघतात?

आणि आवाज. छोट्या खड्ड्यांवर टकटक म्हणजे बहुधा सस्पेन्शनचा लिंक रॉड. पूर्ण वळवताना कटकट म्हणजे एक्सलचा जॉइंट, रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ आणि हलक्या वळणात बदलणारी, ती बेअरिंगची. बूट वेळेवर बदलला तर जॉइंट वाचतो.

मध्यमवेग
ऑटोमॅटिक गियरवाल्यांसाठी कुणी सांगेल का? आमच्या नव्या (म्हणजे दुसऱ्याच्या जुन्या) गाडीचं गियर ऑइल कधीच बदललेलं नाही. एकजण म्हणतो आता हात लावू नका, बिघडेल. दुसरा म्हणतो यंत्र लावून सगळं धुऊन काढा.

लांबचापल्ला
हात लावू नका. मी पाहिलंय, बदलल्यावर आठवड्यात गियर घसरायला लागले.

तेलकटहात
लांबचापल्ला, ते गियर आधीच घसरायच्या बेतात होते, म्हणूनच कुणालातरी तेल बदलायची आठवण झाली. मध्यमवेग, बोटावर थेंब घ्या. लालसर तपकिरी असेल, जळका वास नसेल आणि गियर नीट पडत असतील, तर खालचा बोल्ट काढून जेवढं निघेल तेवढं काढा, फिल्टर बदला, तेवढंच नवं भरा. काही हजार किमीने पुन्हा. यंत्राने धुवायच्या भानगडीत पडू नका. काळं आणि जळकं असेल तर तेलाने बरं होणार नाही, आधी गियरबॉक्स तपासून घ्या. ‘आयुष्यभराचं तेल’ असं काही नसतं.

घरचीगाडी
फोटो चढवता येत नाहीये म्हणून लिहितो. वरची पट्टी काढली, टॉर्च मारला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये खालच्या निम्म्या भागात घोंगडीसारखा थर. धूळ, किडे, कापसासारखं काहीतरी, सगळं एकत्र दाबून बसलेलं. चिमट्याने धरून ओढलं तर अखंड पट्टा निघाला, माझ्या तळहाताएवढा. मागून हलकं पाणी मारत दोन तास बसलो. शेवटी पापुद्र्यांमधून पलीकडचा उजेड दिसायला लागला.

काल सात जण, एसी चालू, तोच चढ. काटा मध्यावर. बाबा शेजारी बसून पूर्ण वेळ त्याच्याकडेच बघत होते.

बेल्ट, पंप, टेन्शनर पुढच्या आठवड्यात. ब्रेक ऑइल त्याच दिवशी. तोवर गाडी उभीच ठेवणार आहे. टायर ६ वर्षांचे निघाले, चालतील का?

वहीवाली
बाजूला भेगा नसतील आणि नक्षी नीट असेल तर चालतील, पण आता दरवर्षी तपासून घ्या. स्टेपनी बघितलीत? तुमच्या गाडीत ती पोटाखाली तारेने टांगलेली असेल. वर्षातून एकदा खाली उतरवून बघायची असते.

घरचीगाडी
ताई, बरं झालं विचारलंत. आज उतरवायला गेलो तर पान्हा फिरतो पण तार येत नाही. गंजून जाम. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी इंचाइंचाने खाली आली. स्टेपनी गाडीइतकीच जुनी आहे, हवा शून्य. रात्री रस्त्यात पंक्चर झालं असतं तर सात माणसं घेऊन काय केलं असतं? नवीन टायर टाकतोय आणि तारेला ग्रीस.

सरकतंदार
इकडे रोलरच निघाला. मार्गातून दोन नाणी, एक बटण आणि एक तुटकी पेन्सिल निघाली. धाकटी आता स्वतः दार उघडते. वहीवाली ताई, मनापासून आभार.

तेलकटहात
घरचीगाडी, एक राहिलं. जोडलेल्या होजचे क्लॅम्प एकदा पुन्हा आवळा. रबर तापून-निवून थोडं बसतं आणि पकड सैल होते. गार इंजिनावर, बेताने, रबर क्लॅम्पच्या फटीतून वर येईल इतकं नाही. बेल्टसाठी गाडी लिफ्टवर जाईल तेव्हाच करून घ्या. जॅकवर उचलून कुणीही खाली जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय तर नाहीच. आणि कवचाचा तो तुटलेला पाचवा बोल्ट नवा टाकायला सांगा, नाहीतर कवच एका बाजूने लोंबून होजला घासेल.